शिडं उतरवा, क्रोनबोर्ग आलं

पाणी आधी जिभेला लावून पाहा. समुद्र म्हणावा तर खारटपणा निम्माच, खाडी म्हणावी तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक नाही. आहे ती एक ओढ. बाल्टिक समुद्राला मिळणाऱ्या नद्यांचं बरंचसं पाणी बहुतेक दिवस या सामुद्रधुनीतून उत्तरेकडे, मोठ्या समुद्राकडे रेटलं जातं. हर्णै-मालवणकडे ज्यांचं बालपण गेलं, त्यांना हे पाणी अळणी आमटीसारखं लागेल.

सन 1586, ऐन उन्हाळा. तुम्ही एका डच गलबतावर आहात. डान्झिगहून निघालात, ॲमस्टरडॅमला जायचंय. गलबताच्या पोटात राय भरलेली आहे, काळसर भाकरीचं धान्य. हॉलंडची शहरं बाल्टिककाठच्या या धान्यावर जगतात, म्हणून वर्षाला काही हजार गलबतं या वाटेने जातात-येतात आणि त्यांतली निम्म्याहून जास्त डचांची असतात. डाव्या हाताला डेन्मार्कचं झीलंड बेट. उजव्या हाताला स्कोनचा किनारा. आज तो स्वीडनमध्ये आहे, पण तुमच्या या सफरीत तोही डेन्मार्कचाच. दोन्ही काठ एकाच राजाचे. गोम इथेच आहे.

मघाशी उजवीकडे एक छोटं बेट मागे पडलं. ते व्हेन. त्यावरच्या वाड्यात ट्युको ब्राहे नावाचा सरदार राहतो आणि रात्रभर ताऱ्यांची मापं घेतो. दुर्बिणीचा शोध लागायला अजून वीसेक वर्षं आहेत. हा माणूस नुसत्या डोळ्यांनी आणि भल्यामोठ्या कोनमापकांनी आकाश मोजतोय. बेट राजाने दिलेलं, खर्चही राजाच करतो. राजाकडे एवढा पैसा कुठून येतो, ते आता अर्ध्या तासात कळेल.

"शिडं उतरवा!"

तांडेल ओरडला. वारा चांगला आहे, प्रवाह पाठीशी आहे, आणि तरी शिडं उतरताहेत. डोलकाठीवरचं निशाणही खाली झुकलं. तुम्ही का म्हणून विचारलंत, तर तांडेलाने नुसती हनुवटी पुढे केली. सामुद्रधुनी इथे निमुळती होत होत चार किलोमीटरवर आलीय. झीलंडचा काठ एका टोकाला सोंडेसारखा पुढे आलाय आणि त्या सोंडेवर तो उभा आहे. फिकट वालुकाश्माच्या भिंती, उंच मनोरे, नक्षीदार त्रिकोणी माथे. आज फोटोंत ही छपरं हिरवीगार दिसतात. तुम्ही पाहताय तेव्हा तांबं नवंकोरं आहे, नुकत्याच घासलेल्या घंगाळासारखं. भिंतींच्या खाली, पाण्याच्या अगदी वर, तोफांची ओळ आहे.

हा क्रोनबोर्ग. गावाचं नाव हेल्सिंगोर, इंग्रजांच्या तोंडी एल्सिनोर.

नांगर पडला. आजूबाजूला डझनावारी गलबतं अशीच ताटकळत उभी आहेत. मुलुंड किंवा दहिसरच्या जकातनाक्यावर रात्री ट्रकांची रांग ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे दृश्य नवं नाही. ड्रायव्हर टायरपाशी उकिडवे बसायचे, इथले खलाशी कठड्याला टेकून उभे आहेत, एवढाच फरक. तांडेल कागदपत्रांची गुंडाळी काखेत मारून होडीत उतरला, तुम्हीही मागोमाग उतरलात. होडी किल्ल्याकडे जात नाही, गावाकडे जाते. कारण जकात घ्यायचं काम गावातल्या कचेरीत चालतं. किल्ल्याने कधी कुणाकडून नाणं हातात घेतलं नाही. तो नुसता बघत असतो.

कचेरीत शाईचा आणि ओल्या लोकरीचा वास आहे. कारकून मान वर न करता विचारतो: तांडेलाचं नाव, गाव, कुठून, काय माल, किती. पूर्वी प्रत्येक गलबतामागे ठरलेली रक्कम असे. 1567 पासून मालावर आकारणी सुरू झाली आणि राजाचं उत्पन्न एकदम फुगलं. आता नीट लक्ष द्या, कारण यातली मेख मोठी सुंदर आहे. मालाची किंमत काय, हे तांडेलानेच सांगायचं. कुणी गोणी फोडत नाही, कुणी तळघरात उतरत नाही. मात्र सांगितलेल्या किमतीला तो सगळा माल विकत घेण्याचा राजाला हक्क आहे. किंमत चढवून सांगाल तर जकात जास्त, उतरवून सांगाल तर माल मातीमोलाने राजाच्या कोठारात. माझ्या मते क्रोनबोर्गच्या सगळ्या स्थापत्यापेक्षा हा नियम अधिक देखणा आहे. खोटेपणा पकडायला एक माणूस लागत नाही.

तांडेलाने आकडा सांगितला. कारकुनाने लिहिला. पैसे मोजले गेले. अशा नोंदींची बाडं 1497 पासून 1857 पर्यंतची आहेत, त्यांत अठरा लाखांच्या आसपास फेऱ्या लिहिल्या गेल्यात, आणि आज ती कोपनहेगनच्या दप्तरखान्यात आहेत. भरभराटीच्या वर्षांत डेन्मार्कच्या उत्पन्नाचा दोन तृतीयांशपर्यंत भाग या एका कचेरीतून येई. तोही सरदारांच्या मंडळाच्या हाती न पडता थेट राजाच्या खासगी तिजोरीत. पलीकडच्या काठावर दुसरा राजा असता, तर तांडेलाने त्या काठाला चिकटून गलबत काढलं असतं. दोन्ही काठ आपले असले तरच हा धंदा बिनघोर चालतो.

तांडेल परतीच्या होडीत बसला. तुम्ही मात्र मागे राहा. काळप्रवाशाला खंदकावरचे पहारेकरी अडवत नाहीत.

इथे आधी एक जुना किल्ला होता, क्रोगेन. 1420 च्या दशकात एरिक राजाने जकात लावली आणि ती वसूल करायला बांधला. ओबडधोबड, विटांचा, कामापुरता. 1574 मध्ये दुसऱ्या फ्रेडरिकने तो नव्याने उभारायला घेतला. आधी हान्स हेन्ड्रिक फान पाशेन, मग आन्टोनिस फान ओबर्गेन, दोघेही फ्लँडर्सकडचे. सुरुवातीला बेत साधा होता. मग राजाचं मन वाढलं: आणखी एक मजला चढवा, लाल विटा झाकून टाका, सगळीकडे वालुकाश्म लावा. तो दगड समोरच्या काठावरून, स्कोनमधून आला. 1577 साली राजाने नवं नाव जाहीर केलं, क्रोनबोर्ग, म्हणजे मुकुटाचा किल्ला, आणि जुनं नाव जो तोंडातून काढेल त्याने एक धष्टपुष्ट बैल दंड भरावा असं फर्मान काढलं. आपल्याकडे गावांची, रस्त्यांची, स्टेशनांची नावं बदलताना हा बैलाचा विचार अजून कुणी केलेला दिसत नाही.

चौकात या. चारी बाजूंनी इमारती, मध्ये कारंजं. ब्राँझचं, न्यूरेम्बर्गच्या गेओर्ग लाबेनवोल्फने ओतलेलं, वर समुद्रदेव नेपच्यून. ते डोळे भरून पाहून घ्या, आणखी त्र्याहत्तर वर्षांनी ते इथे नसेल. खिडक्यांच्या रांगा बघा, एकाखाली एक, मोजूनमापून. आपल्या डोळ्याला किल्ला म्हटला की डोंगराची सोंड, बुरूज, चोरवाट आठवते. इमारत जागेला शरण जाते. प्रबोधनकाळातल्या युरोपात उलटी हौस आली होती: जागा कशीही असो, इमारतीने कंपास-पट्टीने आखल्यासारखं दिसलं पाहिजे. पण इथे एक व्यवहारी हिशेबही आहे. या भिंती जाणाऱ्या-येणाऱ्या गलबतांना दिसतात. युरोपातला कितीतरी व्यापार या दारावरून जातो. एवढी मोठी जाहिरात त्या काळात दुसऱ्या कुठल्या राजाला मिळाली?

वरच्या मजल्यावरचं दालन 62 मीटर लांब, 12 मीटर रुंद. उत्तर युरोपात याच्याएवढा लांब दिवाणखाना तेव्हा नव्हता. भिंतींवर हान्स क्नीपर आणि त्याच्या विणकरांनी केलेले चाळीस गालिचे: डेन्मार्कचे शंभर राजे, खरे आणि दंतकथेतले, सगळे एका रांगेत. शेवटी कोण, तर स्वतः फ्रेडरिक आणि त्याचा छोटा मुलगा. वंशावळ लोकरीत विणून भिंतीला टांगायची म्हणजे पाहुण्याला वाद घालायला जागाच उरत नाही.

दालनात आवाज वाढलाय. राजा जेवायला बसलाय, आणि तो पिण्याच्या बाबतीत हात आखडणारा नव्हे. पेला उचलला गेला की बाहेर तोफ कडाडते. पहिल्यांदा तुम्ही दचकाल, चौथ्यांदा सवय होईल. तेवढ्यात एक माणूस वाकडीतिकडी उडी मारून आत आला आणि लोक हसायला लागले. हिशेबाच्या वहीत त्याचं नाव वादक म्हणून आहे. विल केम्प. लंडनचा विदूषक. त्याच्याबरोबर जॉर्ज ब्रायन, टॉमस पोप आणि आणखी काही जण आहेत, वाजवणारे, कोलांट्या मारणारे. आदल्या वर्षी, 1585 मध्ये, इंग्रज नटांनी गावातल्या टाउन हॉलच्या आवारात खेळ केला, तेव्हा एवढी गर्दी लोटली की कुंपण मोडलं. दुरुस्तीचा खर्च नगरपालिकेच्या हिशेबात लागलेला आहे. प्रेक्षकांनी कुंपण मोडण्याची परंपरा आपल्या तमाशाच्या कनातींइतकीच तिकडेही जुनी.

केम्पकडे नीट बघा. काही वर्षांनी तो, ब्रायन आणि पोप तिघेही लंडनच्या त्या मंडळीत असतील जिच्यासाठी शेक्सपियर लिहीत होता. नाटकवाल्यांच्या बिऱ्हाडात दौऱ्याच्या गप्पा होतातच: राजा असा पितो, तोफा अशा वाजतात, किल्ला समुद्रात असा घुसलाय. 1600 च्या सुमारास 'हॅम्लेट' लिहिलं गेलं. मूळ कथा साक्सो ग्रामाटिकुस या डॅनिश बखरकाराने त्याच्या चारेकशे वर्षं आधी लिहिलेली, त्यातला आम्लेथ जटलंडचा, म्हणजे इथून बराच पश्चिमेचा. शेक्सपियरने त्याला उचलून एल्सिनोरला आणून ठेवला. राजाचा पेला आणि तोफेचा बार नाटकात आहेत. रोझेनक्रान्त्स आणि गिल्डेनस्टर्न ही आडनावंही डेन्मार्कच्या खऱ्या सरदार घराण्यांची. हॅम्लेट नावाचा राजपुत्र या किल्ल्यात कधी राहिला नाही. पण आज निम्मे प्रवासी त्याचीच खोली विचारतात.

आता थोडं भरभर चालू या.

1589 चा ऑगस्ट. फ्रेडरिक वारलाय, त्याची चौदा वर्षांची मुलगी ॲन हिचं लग्न इथे लागतंय, नवरदेव मात्र हजर नाही. तो स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स. त्याच्या वतीने त्याचा सरदार उभा आहे. वादळांमुळे नवरीची गलबतं स्कॉटलंडला पोचलीच नाहीत, म्हणून जेम्स स्वतः निघाला आणि पुढचे हिवाळ्यातले महिने त्याने सासुरवाडीत काढले. मार्चमध्ये तो व्हेन बेटावर ट्युको ब्राहेलाही भेटून आला. ही झाली कौतुकाची बाजू. त्याच वादळांचा दोष चेटकिणींवर ठेवून कोपनहेगनला आणि स्कॉटलंडला बायकांवर खटले चालले, माणसं जाळली गेली. तारे मोजणारा आणि चेटूक शोधणारा असे दोन्ही डोळे एकाच काळाच्या कपाळावर होते.

1629, सप्टेंबरच्या 24 आणि 25 तारखेमधली रात्र. तुम्ही गावातल्या गल्लीत झोपला होतात, उजेडाने जाग आली. दोन कामगारांची हयगय, बाकी काही नाही. ना शत्रू, ना वीज. छपराचं लाकूड पन्नास वर्षं वाळलेलं. तो लांबलचक दिवाणखाना एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जळत जातोय आणि खिडक्या एकामागून एक लाल होताहेत, कुणीतरी आतून कंदील घेऊन चालत जावं तशा. सामुद्रधुनीत उभ्या गलबतांवरचे खलाशी कठड्यापाशी येऊन गप्प उभे आहेत. चार किलोमीटरवरच्या काठावरूनही हा जाळ दिसत असणार. सकाळी उरल्या त्या दगडी भिंती आणि आतलं चर्च. त्याच्या भक्कम कमानींनी वरचा भार झेलला. आज त्या चर्चमध्ये तुम्ही जे कोरीव, रंगीत बाक पाहाल, ते थेट फ्रेडरिकच्या काळातले.

त्याचा मुलगा चौथा ख्रिस्तियन जर्मनीतल्या युद्धात नुकताच हरून आलेला, तिजोरीत खडखडाट. तरी त्याने किल्ला उभा केलाच; 1639 पर्यंत बाहेरून तो पहिल्यासारखा दिसू लागला, आतला थाट मात्र परत आला नाही. आणि ख्रिस्तियनने दर वाढवत नेले. वाढवत नेले ते कुठवर? 1645 चा उन्हाळा येतो तिथवर. त्यातल्या एका दिवशी तटावर उभे राहा. डच आरमाराच्या संरक्षणाखाली सुमारे तीनशे व्यापारी गलबतं समोरून जाताहेत. एकही थांबत नाही, एकही पै देत नाही. तोफा आपल्या जागी आहेत, गोलंदाज आपल्या जागी आहेत. त्याच वर्षी तह झाला आणि दर खाली आले.

हाच ख्रिस्तियन आपल्या इतिहासात चोरपावलांनी येतो. 1618 मध्ये त्याने हिंदुस्थानकडे गलबतं धाडली. कोपनहेगनहून निघून ती याच तोफांसमोरून उत्तरेला गेली. 1620 मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावर तरंगमबाडीला डॅन्सबोर्ग किल्ला उभा राहिला. ती जमीन तंजावरच्या नायकाची. पुढे तंजावर भोसल्यांकडे आलं, आणि डॅनिश कंपनी वर्षाचा खंड मराठी राजाच्या दरबारी भरू लागली. हेल्सिंगोरला जगाकडून घ्यायचं आणि तंजावरला द्यायचं, असा हिशेब बरीच वर्षं चालला.

इथे जरा थांबतो, कारण एक गोष्ट मला कायम खुपते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोकणच्या समुद्रात कान्होजी आंग्रे परक्या जहाजांना सांगत होते: या पाण्यातून जायचं तर आमचं दस्तक घ्या. मुंबईच्या इंग्रजांनी त्याला चाचेगिरी म्हटलं, 1718 मध्ये खांदेरीवर चाल करून गेले आणि हात हलवत परतले. त्याच वर्षांत त्याच इंग्रजांचे व्यापारी हेल्सिंगोरच्या कचेरीत टोपी हातात घेऊन उभे राहत होते, किंमत सांगत होते, पैसे मोजत होते. आंग्र्यांनी मागितलं तर लूट, डेन्मार्कच्या राजाने मागितलं तर तहातलं कलम. फरक कायद्याचा नव्हता. एका बाजूला युरोपातल्या राजांच्या सह्या होत्या, दुसऱ्या बाजूला नव्हत्या. आणि सह्या असूनही, गलबतं पुरेशी असली की 1645 सारखं होतं.

1658. स्वीडनच्या दहाव्या कार्लने आधी वसंतात तहात स्कोन घेतलं, म्हणजे समोरचा काठ गेला; मग उन्हाळ्यात तो परत आला. तीन आठवड्यांच्या वेढ्यानंतर सप्टेंबरमध्ये क्रोनबोर्ग पडला. चौकातला नेपच्यून उचलून नेला गेला. दोन वर्षांनी किल्ला परत मिळाला, पण पलीकडचा काठ कायमचा परका झाला. एका सरदाराची वतनं गेली तर तो वाडा रंगवून घेतो, तसं डेन्मार्कने केलं: तटबंदी आणखी रुंद, खंदक आणखी खोल. 1739 पासून इथे कैदीही आले, पायांत बेड्या घालून दगड वाहायला.

सगळेच कैदी दगड वाहत नव्हते. 1772 च्या जानेवारीत एका पहाटे बग्गीतून एका वीस वर्षांच्या बाईला उतरवलं गेलं, मांडीवर सहा महिन्यांची मुलगी. ती राणी. इंग्लंडच्या राजाची बहीण कॅरोलिन मटिल्डा. नवरा सातवा ख्रिस्तियन मानसिक रोगी. राज्य प्रत्यक्षात चालवत होता त्याचा डॉक्टर स्ट्रुएन्झे, आणि राणीचं त्याच्यावर प्रेम बसलं होतं. या डॉक्टरने छळ बंद केला, छपाईवरची बंधनं उठवली, आणि मग विरोधकांनी एका रात्रीत दोघांना पकडलं. तुम्ही तिच्या खोलीत आहात. खिडकीतून पाणी दिसतं, पाण्यावर निशाणं उतरवणारी जहाजं, त्यांत तिच्या माहेरचीही. 28 एप्रिलला कोपनहेगनला स्ट्रुएन्झेचं डोकं उडवलं गेलं. मेच्या अखेरीस इंग्रज जहाजं तिला न्यायला आली. मुलगी मागे ठेवावी लागली. जर्मनीत त्सेले गावी तीन वर्षांनी ती वारली, चोविशी न गाठता. हॅम्लेटची आई पाहायला इथे येणाऱ्यांनी या खोलीतही दोन मिनिटं उभं राहावं असं मला वाटतं. ही तरी खरी होती.

1801, 30 मार्च. सर हाइड पार्करच्या हाताखाली ब्रिटिश आरमार येतंय, त्यात नेल्सन. या वेळी गोलंदाज वाट पाहत बसले नाहीत. तुमच्या कानाशी तोफा सुटल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, धुराने डोळे चुरचुरले. धूर विरला तेव्हा तुम्हाला दिसलं, गोळे मध्येच पाण्यात पडताहेत. कारण समोरच्या हेल्सिंगबोर्गहून एकही तोफ उडाली नाही, ते ओळखून इंग्रज स्वीडनच्या काठाला सरकून निवांत पुढे गेले. 1429 च्या सुमारास एरिकने जे गणित मांडलं होतं, दोन्ही काठ आपले हवेत, त्याचं उत्तर इथे मिळालं. तीन दिवसांनी कोपनहेगनसमोर लढाई झाली.

तरी जकात आणखी छप्पन्न वर्षं टिकली. सवय मोठी चिवट असते, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. अखेर अमेरिकेने साफ सांगितलं, आम्ही देणार नाही. 1857 मध्ये युरोपातले देश कोपनहेगनला जमले आणि एकरकमी 3 कोटी 35 लाख रिग्सडालर देऊन त्यांनी हा हक्क कायमचा विकत घेतला. कचेरीला कुलूप लागलं. किल्ला तेव्हा सैनिकांची बराक झाला होता. 1920 च्या दशकापर्यंत त्या दालनांत शिपायांची बिछायत होती. 1816 साली शेक्सपियरच्या मृत्यूला दोनशे वर्षं झाली म्हणून इथे 'हॅम्लेट' झालं, ते याच शिपायांनी केलं.

यानंतर 'हॅम्लेट'ची मराठीतली एक खोली. 1882, मुंबईचा डोंगरी तुरुंग. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर एकशे एक दिवस आत आहेत, आणि आगरकर 'हॅम्लेट' मराठीत उतरवताहेत. 1883 मध्ये 'विकारविलसित' निघालं. शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशी त्यातला चंद्रसेन, म्हणजे हॅम्लेट, करू लागले, आणि डेन्मार्क नकाशावर दाखवता न येणाऱ्या प्रेक्षकांनी पुण्या-मुंबईत त्या राजपुत्रासाठी रात्री जागवल्या. एल्सिनोरच्या तटावर कोण कोण उभं राहिलं याची यादी करताना 1937 मध्ये इथे आलेल्या इंग्रज नट ऑलिव्हिएचं नाव सगळे घेतात. त्याचा पहिलाच खेळ पावसाने उधळला आणि जवळच्या हॉटेलच्या हॉलमध्ये करावा लागला. गणपतराव इथे आले नाहीत. पण त्यांच्या पिढीने हा तट कोळशाच्या धुरात आणि दिव्यांच्या उजेडात स्वतः बांधून घेतला होता.

आणखी एकच रात्र. 1943 चा ऑक्टोबर. देश जर्मनांच्या ताब्यात आहे, ज्यूंची धरपकड सुरू झालीय. दिवे मालवलेल्या हेल्सिंगोरच्या धक्क्यावर तुम्ही कुणाचं तरी पोर कडेवर घेऊन उभे आहात, त्याला गुंगीचं औषध दिलंय. गावातल्या काही जणांनी एक मंडळ काढलंय, नाव ठेवलंय शिवणवर्ग, म्हणजे कुणाला संशय नको. शिवण कसली, रात्री होड्या भरायच्या. डेन्मार्कभरातून सात हजारांवर माणसं त्या दिवसांत पाण्यावरून स्वीडनला पोचली, त्यांतली बरीच इथून. किल्ला काळोखात एक ठिपका आहे. समोर हेल्सिंगबोर्गचे दिवे मात्र लागलेले आहेत. तो काठ परका झाला म्हणूनच आज तिकडे आसरा आहे. नाखव्याने वल्ही कापडात गुंडाळलीत. कुणी बोलत नाही.

दिवस उजाडला. तुम्ही आजच्या हेल्सिंगोरला आहात. तळघराच्या काळोखात दंतकथेतला वीर होल्गर डान्स्के दाढी जमिनीला टेकवून बसलाय, डेन्मार्कवर संकट आलं की उठेल म्हणतात. हा पुतळा काँक्रीटचा आहे, आणि पर्यटकांची पोरं त्याच्या ढालीवर हात फिरवून पळतात. चाळीस गालिच्यांपैकी सात इथे आहेत. छपरं आता हिरवी आहेत. तिकीट काढून फेरीत बसा, पलीकडे जायला वीस मिनिटं. या मार्गावरच्या एका फेरीचं नाव 'ट्युको ब्राहे' आहे, दुसरीचं 'हॅम्लेट'.

डेकवर वारा आहे. जकातीची ती सगळी बाडं आता संगणकावर उतरवलीत, फोनवर उघडता येतात. साल टाका: 1586. महिना, डान्झिग, राय. खाली सरकत जा. नावं येत राहतात, हॉर्न, एन्कहाउझेन, ॲमस्टरडॅम, पुढे मालाचे आकडे, पुढे भरलेली रक्कम. तुमचा तांडेल यांतला कुठला, ते त्याच्या अक्षरावरून ओळखता येणार नाही, कारण लिहिणारा कारकून एकच होता. प्रवाशांची नोंद ते करत नसत. मान वर केलीत तर समोरून चार मजल्यांएवढ्या कंटेनरांचं जहाज किल्ल्यासमोरून चाललंय, निशाण वर, वेग तोच.